सम्राटांचा पडदा

विमानात खिडकीजवळची जागा चेलोची असायची, तिच्या शेजारची सम्राटांची, आणि सम्राटांची बायको मागे कुठेतरी, स्वच्छतागृहाच्या दाराशी. चेलो सामानात टाकता येत नाही. त्याचं पूर्ण तिकीट काढावं लागतं, त्याला पट्टा बांधावा लागतो, आणि हवाईसुंदरी येऊन "हे काय घेणार?" असं विचारून हसली की सम्राटही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे. बायको म्हणायची, "सवत असावी तर अशी. खात नाही, पीत नाही, तरी सगळ्यात चांगली जागा तिचीच."

सम्राट म्हणजे चेलोसम्राट. ही पदवी कुठल्या दरबारानं दिलेली नव्हती. एका वार्ताहराला मथळा सुचत नव्हता, त्यानं ती ठोकून दिली. पण पदवी एकदा चिकटली की माणूस तिच्या मापाचा व्हायला लागतो. सम्राट चालताना हात मागे बांधायला लागले, वाक्य अर्ध्यावर सोडून खिडकीबाहेर बघायला लागले, आणि फोटो काढताना डावी बाजूच पुढे करायला लागले. घरात मात्र बायको रागावली असली तरच त्यांना सम्राट म्हणायची. "सम्राट, ताट गार होतंय." एवढ्यावर त्यांना कळायचं की आज काहीतरी चुकलंय.

मुलाखतीत ते सांगत, "मी चेलो निवडला नाही. चेलोनं मला बोलावलं." लोक माना डोलवायचे. खरी गोष्ट अशी होती की ते औषधाच्या दुकानदाराचे चिरंजीव, आणि लहानपणापासून झोपाळू. शाळेत संगीताच्या मास्तरांनी वाद्यं वाटली त्या दिवशी ते उशिरा उठले. पोचले तेव्हा व्हायोलिनं संपली होती, बासऱ्या संपल्या होत्या, आणि कोपऱ्यात ते एक धूड तेवढं उरलं होतं. चेलो हा व्हायोलिनचा थोरला भाऊ. हनुवटीखाली मावत नाही, खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरावा लागतो, हट्टी पोराला धरून केस विंचरावेत तसा. पण काय सांगावं, त्या झोपाळू पोराच्या गुडघ्यांत ते हट्टी पोर शहाण्यासारखं बसलं. आवाज असा निघाला की मास्तर हातातला खडू ठेवून ऐकत राहिले. तेवढं मात्र खरंच देवाघरचं देणं होतं, त्यात थट्टा नाही.

तरुणपणी ते शहराच्या वाद्यवृंदात जागा मागायला गेले. सगळ्यांत चांगलं वाजवलं, आणि जागा मिळाली कंडक्टरच्या भाच्याला. (कंडक्टर म्हणजे तिकीट फाडणारा नव्हे, काठी हलवणारा. दोघेही पाठ करून उभे राहतात आणि दोघांनाही वाटतं की गाडी आपणच चालवतो.) तो घाव ते विसरले नाहीत. पुढे एक मोठा वादक ऐनवेळी आजारी पडला, त्याच्या जागी यांना बसवलं, एका संथ रचनेची रेकॉर्ड निघाली, आणि ती रेकॉर्ड घराघरांत पोचली. न्हाव्याच्या दुकानापासून दवाखान्यापर्यंत कुठेही बसा, तीच वाजत असायची. सम्राट सम्राट झाले. मग त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर ज्या वाद्यवृंदानं त्यांना नाकारलं होतं त्याच्या कचेरीत जाऊन टेबलावर मूठ आपटली आणि पडदा लावायला लावला.

तेव्हापासून तिथे निवड पडद्याआडून होते. जाड, गडद निळा पडदा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. अलीकडे परीक्षक, पलीकडे वाजवणारा. दारापासून खुर्चीपर्यंत गालिचा, का तर बुटाच्या टाचेवरून बाई की बुवा ते कळू नये. उमेदवाराला नाव नाही, फक्त क्रमांक. त्यानं बोलायचं नाही, खोकायचं नाही. निकाल कागदावर लिहून झाला की मगच पडदा सरकायचा. इतर वाद्यवृंदांनीही ही पद्धत उचलली. सम्राट भाषणं करत फिरायचे: "कलेला चेहरा नसतो. पडद्यामागे ना भाचा असतो, ना पुतण्या. असतो तो फक्त स्वर."

आणि भाषण संपलं की चहाच्या वेळी हेच गृहस्थ मोठ्यानं सांगायचे, "पडदा बाकीच्यांसाठी हो. मला काय, माझा शिष्य भिंतीआड वाजवत असला तरी एका सुरात ओळखीन. हजारात ओळखीन." म्हणजे पडदा लावणारेही हेच, आणि आपल्याला पडद्यातून दिसतं म्हणणारेही हेच. पण सम्राटांना ही गोष्ट कोण दाखवणार? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी पुढे येत नव्हतं.

सम्राटांना एकच मूल. लेक. नाव काहीही असो, घरात ती चिमी. पाच वर्षांची असल्यापासून बापानं तिला चेलोला बसवलं. छोटा चेलो, छोटी खुर्ची, आणि समोर एवढा मोठा बाप. पोरीचा हात गोड होता, पण एक खोड होती. खालच्या सुरावरून हात सरकवत वरच्या सुरावर जायचं असलं की पोचण्याच्या किंचित आधी आवाज अडखळायचा. सम्राटांनी त्याचं नावच ठेवलं होतं, ठेच. "लागली! लागली ठेच! पुन्हा." पुन्हा वाजवलं की पुन्हा ठेच. "अगं, कुठून शिकलीस हे? मी शिकवलंय का हे तुला?" पोर डोळे पुसायची आणि पुन्हा सुरू करायची. सगळं बालपण त्या एका ठेचेत गेलं म्हणा ना.

चिमी एकोणीस वर्षांची असताना भरल्या सभागृहात सम्राटांनी शिष्यांचा वर्ग घेतला. लोक तिकीट काढून शिकवणी बघायला आले होते. चिमी वाजवायला लागली, ठेच लागली. सम्राटांनी हात वर करून तिला थांबवलं आणि लोकांकडे वळून म्हणाले, "बघा, असं वाजवू नये." लोक हसले. लोकांना काय, हसायला कारण लागत नाही. चिमीनं चेलो पेटीत ठेवला, कड्या लावल्या, आणि ती निघून गेली. पुढे कुठल्याशा मुलाखतीत कुणी विचारलं, तुमची मुलगीही वाजवते का? सम्राट खिडकीबाहेर बघून म्हणाले, "दिव्याखाली अंधार." वाक्य फार गाजलं. चिमीनंही वाचलं.

त्यानंतर ती बापासमोर कधी वाजवायला बसली नाही. भांडण नाही, तंटा नाही. येत होती, जात होती, आईला डॉक्टरकडे नेत होती, बापाला "गोळी घेतलीत का?" विचारत होती. लग्न केलं, शाळेत मुलांना शिकवायला लागली. शाळा सुटली की तिथल्याच तळघरात, मोडक्या बाकांच्या आणि जुन्या नकाशांच्या सोबतीनं ती वाजवत बसायची. कुणाच्या आजारपणात वाद्यवृंदातून बोलावणं आलं तर शेवटच्या खुर्चीवर बसून यायची. कायमची जागा मात्र निघत नव्हती. चेलोवाले निवृत्त होत नाहीत, थेट वरच जातात. शेवटी एक गेला. जागा निघाली. चिमीचं वय असं होतं की पुढचा कुणी जाईपर्यंत थांबणं तिला परवडलं नसतं. ही शेवटची गाडी होती, आणि तिनं आईशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

परीक्षक म्हणून आधी सम्राट ठरले नव्हते, दुसरे एक चेलोवाले होते. त्यांची कंबर धरली. आदल्या दिवशी सम्राटांना फोन आला, आणि सम्राटांनी "बघतो, वेळ काढतो" म्हणत लगेच होकार दिला. बायकोला सांगितलं ते सकाळी, चहा पिताना.

बायकोचा कप बशीवर जरा जोरात टेकला. "अहो, आज चिमी आहे तिथे."

"कुठे?"

"पडद्यामागे. कुठे म्हणजे काय?"

सम्राट खिडकीबाहेर बघायला लागले. नियम त्यांनीच केला होता: घरचं माणूस असेल तर परीक्षकानं उठून जायचं. बायको म्हणाली, "फोन करा, अंगात कणकण आहे म्हणून सांगा. एक दिवस आजारी पडलात तर जग बुडत नाही."

"आता ऐनवेळी? आणि लोक विचारतील, का? मग तिचं नाव निघणार. पोरीचीच अब्रू जाईल." कारण कसं बघा, पोरीच्या अब्रूचंच निघालं. "आणि मी काय पक्षपात करणार आहे? उलट ओळखली की दोन गुण कमीच देईन. माझी मुलगी म्हणून कुणी बोट दाखवायला नको."

"ओळखली की," बायको म्हणाली.

"म्हणजे? माझी मुलगी मी ओळखणार नाही? चौदा वर्षं शिकवलंय मी तिला. एका सुरात ओळखीन."

"सम्राट," बायको म्हणाली, आणि सम्राटांनी कप खाली ठेवला, "तुम्ही तिला मत द्या म्हणून मी सांगणार नाही. देऊ नका म्हणूनही नाही. संध्याकाळी घरी आलात की मी तुम्हाला एकच विचारीन. ओळखलीत का?"

परीक्षक तिघं होते. एक कंडक्टर, नवा, तरुण, नम्र. दुसऱ्या व्हायोलिनच्या बाई, ज्यांनी उभा जन्म या वाद्यवृंदात काढला होता. आणि मधल्या खुर्चीवर सम्राट. दाराशी व्यवस्थापक क्रमांकांचे बिल्ले घेऊन उभा. समोर तो निळा पडदा. सम्राटांनी त्याच्याकडे बापानं कर्तबगार मुलाकडे बघावं तसं बघितलं.

पहिला आला, घाईत वाजवून गेला. दुसऱ्याची तार उतरलेली. तिसऱ्यानं सगळं बरोबर वाजवलं आणि कुणाच्याच काही लक्षात राहिलं नाही. सगळ्यांना तीच रचना वाजवायची होती, सम्राटांच्या रेकॉर्डवाली. सम्राट कान टवकारून बसले होते. यातली कुठलीच नव्हे. अजून आली नाही.

चौथा क्रमांक आला. गालिच्यावर पावलं वाजली नाहीत, खुर्ची तेवढी करकरली. सुरुवात बरी होती, जरा ताठ. हात खालून वर निघाला, सरकला, वरच्या सुराच्या उंबऱ्यापर्यंत आला, आणि ठेच लागली.

सम्राटांच्या हातातली पेन्सिल थांबली. हीच. हीच ती. अगदी तश्शीच. इतकी वर्षं झाली, पोरीचं लग्न झालं, केसांत पांढरं आलं, आणि ठेच अजून तिथल्या तिथे! दोन गुण कमी द्यायचे ठरवून आलेला माणूस तो, पण त्याला एकदम ती छोटी खुर्ची दिसली. जमिनीला पाय न टेकणारी पोर दिसली. ती डोळे पुसून "पुन्हा वाजवू?" म्हणायची ते आठवलं. केवढं रागावलो आपण. कशासाठी? एवढ्याशा ठेचेसाठी? भरल्या सभेत पोरीचा पाणउतारा केला, आणि ती बिचारी अजून तीच ठेच घेऊन, कुठल्याशा तळघरात एकटी वाजवत बसते. सम्राटांना बापाची माया फार उशिरा फुटली, पण फुटली ती पाट फुटल्यासारखी. त्यांनी मनाशी ठरवलं, पक्षपात तर पक्षपात. मरू दे तो नियम. आज हिला जागा मिळाल्याशिवाय मी या खुर्चीवरून उठणार नाही.

पाचवा, सहावा त्यांनी ऐकलेच नाहीत.

मग सातवा क्रमांक आला. आणि पहिल्या काही सुरांतच कंडक्टरनं मान वर केली, बाईंनी चष्मा काढला. सम्राट स्वतःच्या पश्चात्तापात बुडालेले होते, त्यांनाही बाहेर यावं लागलं. हे काय आहे? हीच रचना ते जन्मभर वाजवत आले होते, सगळ्या जगाला ती त्यांच्याच हातची ठाऊक होती, आणि ती अशी असते हे त्यांना आजच कळत होतं. कुठे नटवणं नाही, कुठे रडगाणं नाही. दिवसभराचं काम आटोपून कुणीतरी आपल्याशी खरं बोलायला बसलंय, असं ते वाजवणं होतं. हात वर निघाला, सरकला, वरच्या सुरावर पोचला, आणि उंबरा कुठे होता तेही कळलं नाही. सम्राटांच्या गालावरून पाणी ओघळलं. ते गुण मांडायचं विसरले. सूर संपला.

मग सम्राटांनी रुमाल काढून नाक शिंकरलं. त्यांचं नाक शिंकरणं हे एक निराळंच वाद्य होतं: आधी एक लांब भोंगा, मग दोन आखूड. घरातलं मांजर त्या आवाजानं पलंगाखाली जायचं. व्हायोलिनच्या बाई खुर्चीत दचकल्या. पडद्यापलीकडे खुर्ची करकरली, आणि सात नंबर निघून गेला.

आणि दार बंद झाल्याबरोबर सम्राटांच्या मनात पाल चुकचुकली. अरे, हा तर माझ्या चिमीची जागा खाणार!

सगळे वाजवून गेले. कंडक्टर म्हणाला, "बोलायचं काय त्यात? सात."

"सात," बाई म्हणाल्या.

सम्राटांनी पेन्सिल खाली ठेवली, खिडकीबाहेर बघितलं, आणि अर्धं वाक्य टाकलं. "सात सुंदर आहे. फार सुंदर. पण…"

पण म्हटलं की कंडक्टर सावरून बसला. सम्राटांचा 'पण' कुणाला चुकवता आलेला नव्हता.

"पण वाद्यवृंदात दहाजणांत बसायचंय," सम्राट म्हणाले. "हा स्वर दहाजणांत मिसळायचा नाही. एकटा आहे तो. आपल्याच नादात आहे. आणि खरं सांगू? या माणसाला गुरू नाही. याच्या वाजवण्यात शिकवणीचा माग दिसत नाही मला. चार नंबर घ्या. तिथे परंपरा आहे."

आयुष्यात ऐकलेल्या सगळ्यांत सुंदर वाजवण्यावर आपण माती लोटतोय, हे त्यांना चांगलं कळत होतं. कुणाचं तरी पोर असेल तेही. पण आपलं ते आपलं. त्यांनी मनातल्या मनात त्या सात नंबरची माफी मागितली आणि पुढे बोलत राहिले.

बाई चाचरत म्हणाल्या, "चार नंबर वर जाताना जरा अडखळतो, नाही का?"

"ते अडखळणं नव्हे, बाई. तो श्वास आहे." चौदा वर्षं ज्याला ठेच म्हणून त्यांनी पोरीला रडवलं होतं, त्याचा त्या दुपारी श्वास झाला. "वरच्या सुरापाशी माणूस थबकणारच. न थबकता वर जातो त्याला उंची कळली नाही."

बाईंनी कंडक्टरकडे बघितलं, कंडक्टरनं बाईंकडे. दोघांच्या चेहऱ्यावर एकच काहीतरी येऊन गेलं. मग बाई हळूच म्हणाल्या, "हो, आता तुम्हीच म्हणताय तर… तुमच्याइतकं त्यातलं कुणाला कळणार?" कंडक्टर म्हणाला, "चेलोतलं चेलोवाल्यालाच ठाऊक." आणि कागदावर चार लिहिलं गेलं. तिघांच्या सह्या झाल्या. सम्राटांनी सही जरा मोठीच केली.

"बोलवा चार नंबरला," ते म्हणाले, आणि उठून उभे राहिले. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं होतं. काही बोलायचंच नाही. नुसतं पुढे होऊन डोक्यावर हात ठेवायचा. ती म्हणेल, "बाबा, तुम्ही?" मग बघू.

व्यवस्थापकानं दोरी ओढली. पडदा सरसर बाजूला गेला. खुर्चीपाशी एक आडदांड दाढीवाला उभा होता. मनगटं एवढाली. त्यानं सम्राटांना बघितलं आणि तो एवढा मोठा गडी रडायलाच लागला. पुढे येऊन त्यानं सम्राटांचे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्ही? तुम्ही ऐकत होतात? आमच्याकडे शिकवणारं कुणी नव्हतं हो. मी तुमच्या रेकॉर्डवरच शिकलो. एकेक सूर, अगदी तुमच्यासारखा येईपर्यंत. तुम्हीच माझे गुरू."

सम्राट म्हणाले, "अभिनंदन." दुसरं काय म्हणणार? मग व्यवस्थापकाला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "आणि सात? सात कोण होतं?"

"बाहेर बसल्यात त्या," व्यवस्थापक म्हणाला. "त्यांना सांगून आलो मी आत्ताच."

बाहेरच्या लांब बोळात एकच बाक होता. बाकावर चिमी बसली होती. शेजारी चेलोची पेटी उभी, अंगात साधा सुती सदरा, आणि सदऱ्यावर सातचा बिल्ला. सम्राट दारातच थांबले. पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते त्यांनी आजवर भाषणात पुष्कळदा वापरलं होतं. आज ती सरकली तेव्हा धरायला शेजारी फक्त दाराची कडी होती.

"बाबा," चिमी म्हणाली. दचकली नाही, 'तुम्ही इथे कसे' म्हणाली नाही. बस थांब्यावर भेटल्यासारखं नुसतं बाबा म्हणाली, आणि बिल्ला काढून बाकावर ठेवला.

"चल," सम्राट म्हणाले. "घरी जाऊ." आणि त्यांनी तिची पेटी उचलली. स्वतःची पेटीसुद्धा त्यांनी कित्येक वर्षांत उचलली नव्हती, नेहमी कुणीतरी उचलायचं. पेटीला एवढं वजन असतं हे ते विसरले होते.

रस्त्यावर दिवे लागायचे होते. माणसं कामावरून परतत होती. सम्राट पेटी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत चालले होते, आणि आयुष्यभराची सवय काही जाता जात नव्हती. त्यांच्या तोंडून निघून गेलंच, "ओळखलं बरं का तुला. पहिल्या सुरातच."

"हो का?" चिमी म्हणाली.

"मग! बाप आहे तुझा." त्यांनी पेटी पुन्हा दुसऱ्या खांद्यावर घेतली. "म्हणूनच… म्हणजे, लोकांनी बोट दाखवायला नको म्हणून…"

"बरोबर केलंत," चिमी म्हणाली. तिच्या आवाजावरून काही कळत नव्हतं.

चौक ओलांडून झाल्यावर सम्राटांनी विचारलं, "तुझी ती ठेच गेली की गं. कुणी घालवली?"

"कुणी नाही. तुमची रेकॉर्ड ऐकायची बंद केली."

सम्राट थांबले. मागून येणारा एकजण पेटीला धडकला आणि "काका, रस्ता आहे हा!" म्हणून गेला.

"म्हणजे?"

"ती ठेच तुमची आहे, बाबा," चिमी म्हणाली. शर्टाचं बटण तुटलंय हे सांगावं तितक्या सहज. "त्या रेकॉर्डमध्येच आहे. वर जाताना. मी पाळण्यात असल्यापासून तीच ऐकत आले ना. मला वाटायचं, ते तसंच वाजवायचं असतं. तुम्ही रागवायचात तेव्हा मला कळायचंच नाही, कशावर रागावताय. लोक म्हणतात, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. आपल्यात पुढच्याला लागली आणि मागच्या सगळ्यांनी ती पाठ केली. त्या दाढीवाल्यानंसुद्धा. बाहेर बसून ऐकलं मी."

"कुणी कसं सांगितलं नाही मला?"

"तुम्हाला?" चिमी म्हणाली, आणि पहिल्यांदाच जरा हसली. "तुम्हाला कोण सांगणार?"

सम्राटांना बाई आठवल्या, कंडक्टर आठवला, दोघांनी एकमेकांकडे बघितलेलं आठवलं. तो श्वास आहे, बाई! त्यांचे कान तापले. उरलेल्या वाटेत पेटी दोनदा भिंतीवर आपटली, तरी चिमीनं ती परत मागितली नाही.

दार बायकोनं उघडलं. तिनं नवऱ्याच्या खांद्यावरची पेटी बघितली, लेकीचा चेहरा बघितला, आणि जागा गेली हे तिला न सांगता कळलं. तिनं लेकीच्या पाठीवर हात ठेवला, तिला आत घेतलं, खुर्ची पुढे केली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "ओळखलीत का?"

"हो गं," चिमीच म्हणाली. "पहिल्या सुरात."

किती सोपं होतं. पोरीनं स्वतः दार उघडून दिलं होतं. नुसती मान हलवायची होती. उद्या वर्तमानपत्रात आलं असतं, निःस्पृह सम्राटांनी पोटच्या लेकीलाही झुकतं माप दिलं नाही. पुन्हा एक पदवी चिकटली असती. सम्राट बुटाची नाडी सोडायला वाकले होते. ते तसेच वाकलेले राहिले.

"नाही," ते बुटाला म्हणाले. "नाही ओळखली. चार नंबरला ठेच लागली, मला वाटलं तीच. मी भांडून त्याला जागा दिली. दोघं सात म्हणत होते, मी एकटा आडवा गेलो. तुझ्यासाठी, चिमे. तुला मिळावी म्हणून तुझी घालवली." आवाज फुटला तेव्हा त्यांनी नाडीला पुन्हा गाठ मारली, पुन्हा सोडली.

"अगं बाई," बायको म्हणाली आणि भिंतीला टेकली.

चिमी त्या वाकलेल्या पाठीकडे बघत होती. राग आला होता. न येऊन कसं चालेल? पण तो राग कितीतरी जुना होता, आणि आज त्याच्याबरोबर दुसरंही काहीतरी आलं होतं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मत कुणाला दिलंत ते नव्हतं माहीत. पण ओळखलं नाहीत, ते मला तिथेच कळलं."

"कसं?" आईनं विचारलं.

"मला तर बाबा तिथे आहेत हेच ठाऊक नव्हतं. वाजवून झालं, आणि पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. एक लांब, दोन आखूड. हजारात ओळखीन मी तो." तिनं वाकून बापाच्या बुटाची गाठ सोडवली. "तेव्हाच म्हटलं, यांनी काही ओळखलेलं नाही. ओळखलं असतं तर रडले नसते."